चोवीस तास म्हणजे चोवीसच

हा इशारा आहे. विनंती-अर्ज करून झाले, स्मरणपत्रं देऊन झाली, साहेबांच्या केबिनबाहेरच्या बाकावर तासन् तास बसून झालं. आता हे जाहीरपणे लिहिते आहे. पुणे जिल्ह्यातल्या प्रत्येक पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यानं, रिमांडच्या कोर्टात बसणाऱ्या प्रत्येक दंडाधिकाऱ्यानं, बाल न्याय मंडळाच्या सदस्यांनी, महिला व बालविकास खात्यानं ते वाचावं. माझ्याच पेशातले जे वकील मुलाचं नावसुद्धा न विचारता वकीलपत्रावर सही घेतात, त्यांनीही वाचावं. आजपासून ३० दिवस. एकतिसाव्या दिवसापासून आमचा पत्रव्यवहार तुमच्याशी नसेल, उच्च न्यायालयाशी असेल, आणि त्यात नुसतं पदनाम नसेल, माणसाचं नाव असेल.

आम्ही म्हणजे मंडळापुढे मुलांच्या बाजूनं उभे राहणारे काही वकील, दोन निवृत्त मुख्याध्यापिका, एक माजी परिविक्षा अधिकारी आणि अशा मुलांचे आईबाप. संस्था नाही, लेटरहेड नाही. वह्या आहेत. कोणता मुलगा किती वाजता उचलला, आईला किती वाजता काय सांगितलं, डायरीत नोंद कधी पडली, मंडळापुढे कधी आणला, हे त्या वह्यांत तारीखवार लिहिलेलं आहे.

कायदा काय म्हणतो ते एकदा सरळ सांगते, म्हणजे पुढे ‘आम्हाला कल्पना नव्हती’ ही सबब उरणार नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५, कलम १०. अठरा वर्षांखालच्या मुलाला ताब्यात घेतलं की त्याला लगेच विशेष बाल पोलीस पथकाच्या किंवा ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याच्या हवाली करायचं. मग वेळ न दवडता, प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत, बाल न्याय मंडळापुढे हजर करायचं. मंडळ बसलेलं नसेल तर एका सदस्यापुढे. लॉकअपमध्ये नाही आणि तुरुंगात नाही, कोणत्याही परिस्थितीत नाही. खून असो की मोबाइलची चोरी, या वाक्याला अपवाद ठेवलेला नाही. केंद्राचे २०१६ चे आदर्श नियम याच्याही पुढे जातात. गुन्हा अघोरी स्वरूपाचा नसेल आणि सोबत कुणी सज्ञान आरोपी नसेल, तर मुलावर एफआयआरच दाखल करायचा नाही. ठाण्याच्या डायरीत नोंद करायची, घरच्या परिस्थितीचा अहवाल तयार करायचा आणि मंडळाला पाठवायचा. बेडी नाही, पोलिसाच्या अंगावर गणवेश नाही, जबाबावर मुलाची सही नाही.

आता एक रात्र सांगते. कुठलं ठाणं ते इथे लिहीत नाही, कारण प्रश्न एका ठाण्याचा नाही.

पावसाळा होता. एक बाई रात्री नऊपासून ठाण्याच्या पायरीवर बसलेली. हातात साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी, पिशवीत मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला, लॅमिनेशन केलेला. जन्मतारीख अंकी, तिच्याखाली अक्षरी. पोरगा सोळा वर्षं तीन महिन्यांचा. एका सोसायटीच्या पार्किंगमधून मोबाइल गेला होता आणि संशय त्याच्यावर होता. ठाणे अंमलदारांनी तिला सांगितलं, “असा कुणी मुलगा आम्ही आणलेलाच नाही, बाई. घरी जा.” आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज येत होता. ती मला नंतर म्हणाली, “ताई, पोराचा खोकला आईला कळत नाही का?” तिनं दाखला पुढे केला. “हा उद्या कोर्टात दाखवा,” असं उत्तर मिळालं. दाखल्याला कुणी हात लावला नाही.

डायरीत नोंद पडली दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. त्यात वय लिहिलं होतं, ‘अंदाजे १९’. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याला दंडाधिकाऱ्यांपुढे नेलं, सज्ञान आरोपींच्या रांगेत. “पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?” असं विचारलं गेलं. त्यानं मान हलवली, नाही म्हणून. त्याला ठाण्यातून घेऊन आलेला माणूस त्याच्या पाठीला लागून उभा होता. पुढचा पुकारा झाला. न्यायालयीन कोठडी मिळाली आणि पोरगा सज्ञान कैद्यांच्या बराकीत गेला, सतरा दिवस.

सतरा दिवसांनी तो निरीक्षणगृहात आल्यावर मी त्याला पहिल्यांदा भेटले. मी अजून पिशवीतून काही काढलंही नव्हतं. तो समोर येऊन उभा राहिला, उजवा हात पुढे केला आणि म्हणाला, “मॅडम, सही कुठं करू?”

तो मोबाइल त्यानं घेतला होता की नव्हता, हे मी इथे सांगणार नाही. त्यानं या सगळ्यात काडीचा फरक पडत नाही.

ठाण्यांना पहिला इशारा या चोवीस तासांबद्दलच आहे. हे तास डायरीतल्या नोंदीपासून मोजायचे नसतात. मुलाच्या खांद्यावर हात पडला त्या मिनिटापासून मोजायचे असतात. ‘चौकशीला बोलावलंय’, ‘समज देऊन सोडणार आहोत’, ‘साहेब बंदोबस्तात आहेत, आले की बघू’ ही वाक्यं कायद्याच्या कुठल्याही कलमात नाहीत. जो मुलगा उठून घरी जाऊ शकत नाही तो ताब्यात आहे, मग त्याला खुर्चीवर बसवा नाहीतर चहा पाजा. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी खटल्यात देशातल्या प्रत्येक ठाण्यात, कोठडीपासून प्रवेशद्वारापर्यंत, कॅमेरे बसवायला आणि त्यांचं चित्रण अठरा महिने जपून ठेवायला सांगितलं आहे. आता आम्ही तोंडी विचारणार नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ७ नुसार माणसाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तिथे माहिती ४८ तासांत द्यावी लागते. आई पायरीवर बसलेली असतानाच तो अर्ज दाखल होईल. त्या रात्रीचं चित्रण मागितलं जाईल. ‘कॅमेरा बंद होता’ असं उत्तर आलं, तर तेच उत्तर याचिकेला जोडलं जाईल.

हे करणाऱ्यांना व्यक्तिशः काय भोगावं लागू शकतं तेही सांगते. बेकायदा अडकवून ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली गुन्हा आहे. कबुली काढण्यासाठी मारहाण, कलम १२०, सात वर्षांपर्यंत शिक्षा. लोकसेवकानं नुकसान करण्याच्या हेतूनं चुकीचा दस्तऐवज तयार करणं, कलम २०१. शाळेचा दाखला समोर धरलेला असताना ‘अंदाजे १९’ लिहिणाऱ्यानं ते कलम नीट वाचावं. ताब्यातल्या मुलाशी क्रूरपणे वागणाऱ्यासाठी बाल न्याय अधिनियमाचं कलम ७५ वेगळंच आहे. मुलावर पोलिसांनी अत्याचार केला असेल, तर गुन्हा नोंदवण्याचा आदेश द्यायचा अधिकार कलम ८ नं मंडळाला दिलेला आहे. तो आदेश आम्ही प्रत्येक प्रकरणात लेखी मागू. नाकारला तर नाकारण्याची कारणंही लेखीच मागू.

वयाचा मुद्दा मी मुद्दाम विस्तारानं मांडणार आहे, कारण सगळी पडझड तिथूनच सुरू होते.

वय कसं ठरवायचं हे कलम ९४ मध्ये क्रमानं सांगितलेलं आहे. आधी शाळेचा किंवा मॅट्रिकचा दाखला. तो नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी, आणि तिचा आदेश झाल्यापासून पंधरा दिवसांत ती पुरी व्हायला हवी. हाडांच्या एक्स-रेवरून काढलेलं वय दोन वर्षं इकडे किंवा तिकडे असू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८२ पासून मान्य केलेलं आहे. मिसरूड फुटलंय, अंगानं थोराड आहे, डोळ्यात डोळे घालून बोलतो, यातलं काहीच वयाचा पुरावा नाही. आधार कार्डसुद्धा नाही. कितीतरी आधार कार्डांवर जन्मतारीख १ जानेवारी असते, कारण नोंदणी केंद्रावरच्या माणसाला नक्की तारीख सांगणारं घरातलं कुणी नव्हतं. आपल्याकडच्या शाळांच्या रजिस्टरांत १ जूनला जन्मलेल्या मुलांच्या रांगाच्या रांगा आहेत. गुरुजींनी पहिलीत नाव घालताना अंदाजानं लिहिलेली ती तारीख असते हे मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. तरी कायद्यानं पहिला मान शाळेलाच दिला आहे, कारण ती तारीख मुलाच्या हातून काही घडण्याच्या दहा वर्षं आधी लिहिली गेली. त्या वेळी तिचा फायदा घेण्याचं कुणाच्या मनात असण्याचा प्रश्नच नव्हता.

आणि वयाची चौकशी झाली नाही तर काय होतं, ते पुण्यानं पाहिलेलं आहे. ऑगस्ट १९९४ मध्ये या शहरात एका घरात सात जणांची हत्या झाली. पाच बायका, त्यांतली एक गरोदर, आणि दोन लहान मुलं. त्या वेळी पेपर वाचणारा एकही पुणेकर ते विसरलेला नाही. १९९८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयानं दोघांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयानं ती कायम केली, २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही कायम केली. त्या दोघांपैकी एकाचं नाव राजस्थानातल्या एका शाळेच्या रजिस्टरात होतं, जन्मतारखेसकट. कुणी ते उघडलं नाही. २०१९ मध्ये पुण्यात चौकशी होऊन अहवाल गेला आणि मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की गुन्ह्याच्या दिवशी तो बारा वर्षं सहा महिन्यांचा होता. त्याला ताबडतोब सोडायला सांगितलं. तोवर अठ्ठावीस वर्षांहून जास्त काळ तो आत होता, आणि त्यातला बहुतेक काळ गळ्याशी फास घेऊन. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण कायद्याच्या नजरेत ती एका मुलाची ओळख आहे.

पोलीस, सरकारी वकील, बचावाचे वकील, तीन पायऱ्यांवरची न्यायालयं. इतक्या हातांतून ती फाइल गेली. मुलाच्या वयाचा कागद मागवा, हे एक वाक्य कुणी लिहिलं असतं तर? आणि ज्यांची माणसं गेली त्या कुटुंबाला या राज्यानं काय दिलं? अठ्ठावीस वर्षं एक उत्तर दिलं आणि मग ते चुकीचं होतं असं सांगितलं. मुलांच्या हक्कांचं बोललं की ‘मग मेलेल्यांचे हक्क कुठं गेले’ असं विचारणाऱ्यांनी या खटल्याकडे बघावं. रीत मोडून मिळवलेली शिक्षा पीडितांच्याही हातात टिकत नाही.

दंडाधिकाऱ्यांना म्हणून आदरानं, पण स्पष्ट सांगते. कलम ९ तुमच्यासाठी आहे. समोरचा आरोपी ‘मी अठराचा नाही’ म्हणाला, किंवा तुम्हालाच तसं वाटलं, तर तुम्ही स्वतः पुरावा घेऊन चौकशी करायची आहे, आणि तो मूल ठरला तर प्रकरण मंडळाकडे पाठवायचं आहे. नुसत्या प्रतिज्ञापत्रावर भागत नाही. चौकशी होईपर्यंत ठेवायचंच असेल तर सुरक्षित जागी, तुरुंगात नाही. हा दावा कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर, निकाल लागून गेल्यावरही करता येतो. ‘आधी का नाही सांगितलं’ हा प्रश्न कायद्यानंच काढून टाकला आहे. रिमांडच्या रांगेत एकेकाच्या वाट्याला चार मिनिटं येतात, मान्य. त्यातलं अर्धं मिनिट या कामाला द्या. पाठीमागच्या पोलिसाला कोर्टरूमबाहेर जायला सांगा, आणि पोराला विचारा, कितवीत होतास, कुठल्या शाळेत. यापुढे ज्या रिमांड आदेशात वयाच्या दाव्याचा उल्लेखही नसेल, त्या प्रत्येक आदेशाला आव्हान दिलं जाईल.

आता जामीन. इथे मला वाचकांशीही भांडायचं आहे.

१९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये एका महागड्या गाडीनं दोन तरुण अभियंत्यांना चिरडलं. चालवणारा सतरा वर्षांचा होता. मंडळाच्या एका सदस्यानं त्याच दिवशी त्याला जामीन दिला, अटींमध्ये ३०० शब्दांचा निबंध होता, आणि सगळा महाराष्ट्र पेटून उठला. मीही पेटले होते. रक्ताचे नमुने बदलल्याचे आरोप पुढे आले तेव्हा तर मला झोप लागेना. दोन घरांतली तरणीताठी मुलं गेली होती. पण तीनच दिवसांनी, आधीचा जामीन रीतसर रद्द न करताच, त्या मुलाला निरीक्षणगृहात पाठवण्यात आलं. २५ जूनला मुंबई उच्च न्यायालयानं, त्याच्या आत्याच्या याचिकेवर, ते ठेवणं बेकायदा ठरवून त्याची सुटका केली. लोकक्षोभ कितीही असो, कायदा आपल्या वाटेनंच चालला पाहिजे, असं त्या निकालाचं सांगणं होतं.

त्या निकालावर रागावलेल्या प्रत्येकाला मला विचारायचं आहे, राग नेमका कशाचा? कलम १२ सगळ्या मुलांसाठी एकच आहे. गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलाला सोडायचं. जामीनदारासह, जामीनदाराशिवाय किंवा परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली. सुटल्यावर तो सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला शारीरिक, मानसिक किंवा नैतिक धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच धुळीला मिळेल, असं मानायला सबळ कारण असेल तरच नाकारायचं, आणि ते कारण लिहायचं. श्रीमंताच्या मुलाला हे कलम काही तासांत मिळालं, कारण त्याच्या घरच्यांना कुठला वकील उठवायचा ते माहीत होतं. धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मुलाला तेच कलम सतरा दिवसांत मिळालं नाही. माझा राग या दुसऱ्या गोष्टीचा आहे. त्याचं काढून घ्या असं मी म्हणणार नाही. याला द्या असं म्हणते, आणि तितक्याच वेळात द्या.

मंडळांकडे आमचं एक बारीक पण फार महत्त्वाचं मागणं आहे. जामीन झाला, १५,००० रुपयांचा जामीनदार मागितला. घर भाड्याचं, आईच्या नावावर सातबारा सोडा, रेशनकार्डसुद्धा धड नाही. पोरगा जामीन होऊनही आतच. कलम १२ च्या चौथ्या पोटकलमात लिहिलं आहे, की सात दिवसांत अटी पुऱ्या झाल्या नाहीत तर मुलाला पुन्हा मंडळापुढे आणायचं आणि अटी बदलायच्या. हे कुणी मागितल्यावर करायचं काम नाही, आपण होऊन करायचं आहे. यापुढे आठव्या दिवशी सकाळी आमच्यातला एक वकील प्रत्येक अशा मुलाच्या नावानं अर्ज घेऊन हजर असेल.

‘निरीक्षणगृह म्हणजे काही तुरुंग नव्हे’ असं मला प्रत्येक वेळी ऐकवलं जातं. मुंबईत डोंगरीला मुलांना जिथे ठेवतात ते आवार जुन्या उमरखाडी तुरुंगाचं आहे. १८८२ मध्ये टिळक-आगरकर १०१ दिवस तिथेच होते. भिंती त्याच आहेत. ज्या दाराला बाहेरून कुलूप लागतं त्याच्या आत मूल ठेवायचं असेल, तर आदेशात कारण लिहिलेलं पाहिजे, आणि ते त्या मुलाचं असलं पाहिजे, सायक्लोस्टाइल केलेलं नको.

सोळा ते अठरा वयाची मुलं आणि अघोरी गुन्हे. दिल्लीतल्या २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर २०१५ च्या कायद्यात ही तरतूद आली, की प्राथमिक मूल्यांकन करून मंडळ अशा मुलाला बाल न्यायालयाकडे, सज्ञानासारखा खटला चालवण्यासाठी, पाठवू शकतं. मुलाचं पुढचं सगळं आयुष्य या एका मूल्यांकनावर ठरतं. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२२ मध्ये सांगितलं, की मंडळावर बालमानसशास्त्राची पदवी असलेलं कुणी नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणं बंधनकारक आहे. तो खटला गुरुग्रामच्या एका शाळेतल्या सात वर्षांच्या मुलाच्या खुनाचा होता. त्याची सुरुवात आठवते का? सप्टेंबर २०१७ मध्ये तिथल्या पोलिसांनी शाळेच्या बसचा कंडक्टर पकडला आणि त्यानं गुन्हा कबूल केल्याचं जाहीर केलं. दोन महिन्यांत सीबीआयनं ती सगळी कहाणी खोटी ठरवली. सज्ञान, कमावता पुरुष न केलेल्या खुनाची कबुली देऊन बसतो, तर सोळा वर्षांचा पोरगा कोऱ्या कागदावर सही करणार नाही? म्हणून सांगते, मुलाची सही असलेला एकही जबाब आमच्यासमोर आला, तर पहिला अर्ज तो घेणाऱ्याविरुद्ध होईल.

आणि ‘तुला चांगलं-वाईट कळतं का?’ असं वीस मिनिटं विचारून भरलेला फॉर्म म्हणजे मूल्यांकन नव्हे.

मुलाची ओळख उघड करण्याबद्दल पोलीस आणि पत्रकार, दोघांनाही एकदाच सांगते. कलम ७४ नुसार नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कुठलाही तपशील छापला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. प्रेसनोटमध्ये ‘विधीसंघर्षग्रस्त बालक’ लिहायचं आणि पुढच्याच ओळीत बापाचं नाव आणि गल्ली छापायची, हे आता चालणार नाही. आरोपींची वस्तीतून धिंड काढून तिचा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर सोडायचा, त्यात मागून चालणारी सोळा-सतराची पोरं दिसतात. ते व्हिडिओ आम्ही साठवतो आहोत. पहिल्यांदा कुठल्या नंबरवरून आले तेही.

मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी तुरुंगात ठेवलेल्या सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली त्याला सुमारे चार दशकं झाली. १९८६ मध्ये त्याच खटल्यात न्यायालयानं मुलं हुडकण्यासाठी न्यायाधीशांना तुरुंगात जायला सांगितलं. आज तेच काम कलम ८ नं मंडळाकडे दिलेलं आहे, की सज्ञानांच्या तुरुंगांची नियमित तपासणी करा, मूल सापडलं तर ताबडतोब हलवा. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मंडळांना बजावलं, की प्रकरण समोर येईपर्यंत गप्प बघत बसायला तुम्हाला नेमलेलं नाही. मूल लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात असल्याचं कळलं, तर स्वतःहून पाऊल उचला.

तर तीस दिवसांत आम्हाला हे हवं आहे. प्रत्येक ठाण्याच्या दारात, पायरीवर बसलेल्या बाईला वाचता येईल अशा अक्षरात, बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याचं नाव आणि उचलला जाणारा फोन नंबर. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून रात्रीच्या पाळीच्या वकिलांची यादी, कारण मुलं रात्री उचलली जातात आणि वकील तारखेच्या दिवशी उगवतो. मंडळानं गेल्या बारा महिन्यांत कुठल्या तुरुंगाला कुठल्या तारखेला भेट दिली त्याची नोंद. आणि तुरुंगातल्या अठरा ते एकवीस वयाच्या प्रत्येक कच्च्या कैद्याच्या वयाची शाळेच्या कागदावरून फेरतपासणी. शाळांशी बोलायला माणसं नाहीत म्हणाल, तर आमच्या दोन मुख्याध्यापिका तयार आहेत. त्यांनी तीस-तीस वर्षं दाखले लिहिले आहेत. कुठल्या रजिस्टरात काय शोधायचं ते त्यांना डोळे मिटून सापडतं.

वकीलमित्रांनो, तुमच्यासाठी वेगळी मुदत नाही. पॅनेलवरचं मानधन कमी आहे हे मी जाणते, मीही तेच घेते. पण मुलाला एकट्यात न भेटता, वयाचा कागद न मागता, जामिनाचा अर्ज न टाकता नुसती पुढची तारीख घेऊन आलात, तर तक्रार बार कौन्सिलकडे जाईल आणि खाली सही माझी असेल.

पहिली याचिका तयार आहे. त्या सतरा दिवसांची. त्यात भरपाई मागितली आहे, आणि ती सरकारी तिजोरीतून न देता ज्यांनी हे केलं त्यांच्या पगारातून वसूल करा असंही मागितलं आहे. ठाण्याचं नाव आहे, डायरीच्या नोंदीची वेळ आहे, लॅमिनेशन केलेल्या दाखल्याची प्रत आहे. आईनं प्रतिज्ञापत्रावर सही केली तेव्हा तिनं दोनदा विचारलं, “यानं पोराला पुन्हा त्रास नाही ना होणार?” मी तिला शब्द दिला आहे. तिसाव्या दिवशी संध्याकाळी साडेपाचपर्यंत उत्तराची वाट बघेन. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं मी मुंबईला निघेन, आणि ती माझ्याबरोबर असेल.